आधी कुठला डोळा

माझी बायको पेणला गणपतीच्या कारखान्यात बावीस वर्षं आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवते. रोह्याच्या कंपनीतली माझी शिफ्ट सुटली की मी तिला मोटारसायकलवरून घरी नेतो.

परवा एक गिऱ्हाईक बाई तिला विचारत बसली, "ताई, आधी कुठला डोळा काढता?" मला उशीर होत होता, त्या बाईचा रागच आला. पण बायको बोलायला लागली. आधी डावा, तोही श्वास रोखून. डोळे झाले की मूर्ती भिंतीकडे वळवून ठेवते, कारण कुणी आपल्याकडे एकटक बघत राहिलं की तिला अवघडल्यासारखं होतं.

हे सगळं मी त्या बाईच्या मागे उभा राहून पहिल्यांदा ऐकत होतो. आणि मी कोण, तर शिफ्टमध्ये भेटेल त्याला पगारापासून पोरांच्या मार्कांपर्यंत सगळं विचारणारा! मान वर करवेना.

घरी पोचल्यावर धीर करून विचारलं, "तुला हे काम आवडतं का गो?"

ती दारातच थांबली. चेहरा उतरला.

"खरं सांगा," ती म्हणाली, "कंपनीतून काढलं काय तुम्हाला?"