सुनेच्या नळ्यांना पंचामृत

हसायचं असेल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल आणि त्याचंही पाप माझ्याच डोक्यावर यायचं. गेल्या नवरात्रात मी जे करून ठेवलं ते आठवलं की अजून माझे कान तापतात. आणि वाईट हेतूनं केलं असतं तर एकवेळ ठीक. मी ते मायेनं केलं हो!

आमचं घर नळदुर्गला. हायवेवर आमच्या यांचं टायर-पंक्चरचं गॅरेज आहे. मुलगा महेश पुण्याला नोकरीला. त्याचं लग्न उन्हाळ्यात झालं. सून प्रज्ञा फार गुणाची, आणि शिक्षण तर इतकं की ते नेमकं काय हे पाहुण्यांना सांगताना मी दरवेळी वेगळंच काहीतरी सांगते. ती प्रयोगशाळेत माणसाच्या रक्ताच्या नळ्या बनवते. म्हणजे कुणाची शीर बंद पडली तर तिथं बसवायची बनावट शीर.

लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्राला दोघं आली, तेव्हा तिच्या हातात थर्माकोलचा डबा होता. दसरा झाला की तसंच पुढं हैदराबादला जायचं होतं. तिथल्या एका मोठ्या सर्जनला नळ्या दाखवायच्या. त्यांना पटल्या तर काम पुढं जाणार, नाहीतर तिथंच थांबणार. त्या माणसाची वेळ मिळायला म्हणे पावसाळा गेला.

रात्री शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा तिनं मला सगळं समजावून सांगितलं. आपली शीर शहाणी असते, रक्ताचा जोर वाढला की सैल होते, कमी झाला की आवळते. प्लॅस्टिकची नळी मात्र निर्बुद्ध, आहे तशीच राहते. तिची नळी शिरेसारखी वागणारी. थंडीत ती मिटलेली बारीक असते, म्हणून बसवायला सोपी. अंगाची ऊब लागली की आपोआप उमलते. पण एकदाच. उमलली की पुन्हा मिटत नाही. म्हणून डबा फ्रिजमध्ये ठेवायचा आणि उघडायचा नाही.

मी हो हो म्हणत होते. खरं सांगू? माझं अर्धं लक्ष शेंगांत खवट दाणे किती निघतात याच्याकडं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी दोघं तुळजापूरला दर्शनाला गेली. इकडं मी पूजा मांडली. आमच्याकडं त्या दिवशी ज्याच्या त्याच्या पोटापाण्याचं हत्यार घटासमोर ठेवतात. यांचे पाने आणि जॅक, माझी शिलाई मशीन आणि कात्री, महेशचा लॅपटॉप. सगळ्यांना कुंकू लावलं आणि एकदम लक्षात आलं, सुनेचं काहीच नाही. पहिलं नवरात्र पोरीचं. सगळ्यांचं पुजलं आणि माझं तेवढं वगळलं, असं तिच्या मनात आलं तर?

उघडू नका म्हणाली होती, ते मला आठवत होतं. पण उघडू नका म्हणजे उगाच उघडू नका, असा मी अर्थ लावला. हे उगाच कुठं होतं? शिवाय नवरात्रात आमच्याकडं सोवळं कडक. मी न्हालेली, सोवळं नेसलेली, सकाळपासून कुणाला शिवलेली नाही. यापेक्षा स्वच्छ माणूस असतो कुठं जगात?

डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि मध्ये काचेची बाटली. बाटलीतल्या पाण्यात तीन पांढऱ्या नळ्या, कोवळ्या चवळीच्या शेंगेएवढ्या. पाणी मी तुळशीला घातलं. नळ्या विड्याच्या पानावर ठेवल्या, घटाशेजारी, अगदी नंदादीपाला लागून. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आणि डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडते तर एक नळी हलत होती.

आधी वाटलं भास असेल. पण नाही. हळूहळू तिनं अंग सोडलं, तोंड उघडलं, आणि कळी फुलावी तशी ती गोल फुलून बसली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. रात्री शेंगा फोडताना ऐकलेलं सगळं डोक्यातून पार पुसलं गेलं. मला दिसत होती ती फक्त आई तुळजाभवानी.

शेजारच्या सुलूबाईंना हाक मारली. त्या आल्या तोवर दुसरीनं सुरुवात केली होती.

"आगं बया," सुलूबाई तिथंच बसल्या. "ही तर तोंड उघडायली. आईनं कौल दिला की गं तुझ्या सुनंला."

सुलूबाईंना कळलं म्हणजे गल्लीला कळलं. बायका नारळ घेऊन आल्या. गॅरेजमधनं हे आले, हाताचं ग्रीस पुसत, मागं कामावरचे दोघं. टायर बदलायला थांबलेला एक ट्रकवाला आला, त्यानं गाडीच्या काचेवरचा हार काढून वाहिला. कुणीतरी म्हणालं, नुसतं कुंकू काय, अभिषेक पाहिजे. मलाही पटलं. मी माझ्या या हातांनी पंचामृत केलं आणि तिन्ही नळ्यांवर घातलं. थोडं आतूनही जाऊ दिलं. म्हटलं, आतूनच तर रक्त जाणार आहे.

दुपारी महेश आणि प्रज्ञा परतली. दारातल्या चपला बघून महेशला वाटलं, बाबांना काही झालं की काय. बायकांनी प्रज्ञाला वाट करून दिली, सुलूबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावून तिला घटासमोर उभं केलं, म्हणाल्या, "जोड हात."

पोरीनं हात जोडले. मग पानाकडं पाहिलं. मग ती खाली बसली.

"आई, हे कधी काढलं?"

"सकाळी. सोवळ्यात काढलंय गं, कुणाचा हात लागू दिला नाही."

"आणि हे पांढरं?"

"पंचामृत."

"म्हणजे मधसुद्धा?"

"मध, तूप, दही, सगळं घरचं. भेसळ नाही कशात."

तिनं डोळे मिटले. "बाटलीतलं पाणी?"

"तुळशीला घातलं."

मग तिनं एका बोटानं नळीवरचं दही बाजूला केलं, नंदादीपाकडं पाहिलं, आणि शांतपणे सांगितलं की ती दिव्याच्या उबेनं उमलली. तिला तसं शिकवायलाच इतके महिने गेले. आता तिन्ही उमलल्या, आता त्या परत मिटायच्या नाहीत.

जोडलेले हात एकेक करून खाली आले.

"मंजे देवीनं न्हाय केलं हे?" सुलूबाईंनी विचारलं.

"नाही मावशी. मी केलं."

"मग आमी सकाळधरनं हात कुणाला जोडायलो?"

सगळ्यांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. भूकंपात जमीन फाटलेली आमच्या भागानं बघितलीय, पण त्या दिवशी मला पाहिजे होती तेव्हा ती काही फाटली नाही. हे गुपचूप गॅरेजकडं निघाले. एक एक बाई उठली. जाताना कोपऱ्यातल्या बाईनं न फोडलेला नारळ उचलून पिशवीत टाकला, आणि मला ते अगदी रास्त वाटलं.

खरी लाज पुढं आहे. प्रज्ञा आतल्या खोलीत जाऊन तिच्या सरांशी फोनवर बोलत होती. मी दाराशी उभी. ती म्हणत होती, नमुने खराब झाले सर, माझ्याच हातून, प्रवासात नीट सांभाळले गेले नाहीत.

माझ्या हातून झालेलं ती स्वतःच्या अंगावर घेत होती. मला ते सहन होईना. आत गेले आणि फोन मागून घेतला.

"साहेब, तिची चूक नाही. मी पूजा केली."

"कशाची?"

"नळ्यांची. आमच्यात खंडेनवमीला करतात."

पलीकडून 'पूजा' असं एकदा पुटपुटणं ऐकू आलं. मग त्यांनी फार आदरानं, फोन जरा सूनबाईंना देता का, म्हणून विचारलं.

हैदराबादचं जाणं रद्द झालं. त्या सर्जननी पुन्हा वेळ देईन असं काही सांगितलं नाही. नव्या नळ्या करायला ती दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेली आणि प्रयोगशाळेत अडकली ती अडकलीच. पहिला दिवाळसण तिचा. तिच्या आईनं फराळ केला, जावयाला कपडे घेतले, आणि पोरगी काही माहेरी जाऊ शकली नाही. विहीणबाईंचा फोन आला तर त्या मलाच विचारत होत्या, काम फार आहे का हो तिला? मी हो म्हणाले. का आहे, ते सांगायला जीभ उचलली नाही. त्यांना हे आज इथं वाचून कळेल.

तुमचा जीव टांगणीला लागला असेल तर आधीच सांगून टाकते. थंडीत वेळ मिळाली. सर्जननी स्वतःच्या हातानं टाके घालून बघितलं, कोमट पाणी सोडलं, नळ्या उमलल्या, आणि काम पुढं सरकलं. तेवढ्यावर मी आज मान वर करून बोलतेय.

पण हैदराबादला जाताना गाडी आमच्या गॅरेजसमोर थांबली होती. डबा प्रज्ञाच्या मांडीवर. घरी या असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही, मीच चहा घेऊन गाडीपाशी गेले. चहा देऊन झाल्यावर हात पदरात गुंडाळले.

"आई, हात लावला तरी चालेल," ती हसून म्हणाली, "बंद आहे तो."

मी डब्याला हात लावला नाही. पण एवढ्या मोठ्या कामाला निघालेली सून, तिला रिकाम्या कपाळानं कशी पाठवू? कुंकवाची पुडी पदराला बांधूनच नेली होती. खिडकीतून वाकून तिला कुंकू लावलं. खरं तर खंडेनवमीलाही हिलाच लावून मोकळी झाले असते तर सगळं टळलं असतं. आता हे सुचतंय असं मनात आलं, डोळे भरले, पुसायला हात उचलला, आणि चिमटीतलं उरलेलं कुंकू बरोबर डब्याच्या झाकणावर सांडलं.

मी दगड झाले. प्रज्ञानं मात्र शांतपणे पर्समधून स्पिरिटची छोटी बाटली आणि मऊ कापड काढलं आणि झाकण चकचकीत पुसलं.

"हे असतं का नेहमी बरोबर?" मी कसंबसं विचारलं.

"नाही आई," ती म्हणाली. "फक्त नळदुर्गपुरतं घेतलंय."