सुजाताचं बी.एड. कुठून?

शाळेत किस्से शोधावे लागत नाहीत. तपासायच्या वह्यांसारखे ते साठत जातात, आणि वह्या निदान कधीतरी संपतात. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या शाळेत एका वर्षी सगळे किस्से एकाच विषयावर साठले. सुजातानं बी.एड. कुठून करावं?

सुजाता सहावीला इंग्रजी शिकवायची. शिकवायची झकास, पण बी.एड. नाही म्हणून पर्मनंट नाही. सीईटीत मार्क बरे पडले आणि दोन कॉलेजं समोर आली. एक मुंबईतलं, ज्याचं नाव घेतलं की समोरचा सरळ बसतो. दुसरं बदलापूरचं, जे बदलापूरकरांनाही पत्ता सांगून समजवावं लागतं. मुंबईची फी भरायची तर पप्पांचा पीएफ काढायचा. पप्पा आनंदनगरच्या कंपनीत फिटर, रिटायरमेंट जवळ आलेली. ते एका पायावर तयार होते, आणि सुजाताला त्याचीच धास्ती होती.

*

पहिला सल्ला पाटकर बाईंचा. त्या स्वतः त्याच मुंबईच्या कॉलेजच्या, आणि हे आम्हाला रोज एकदा कळायचं. "नाव जन्मभर पुरतं, सुजाता."

एकदा सातवीतल्या पोरीनं त्यांना भर वर्गात विचारलं, "टीचर, एवढ्या मोठ्या कॉलेजात शिकलात, मग आमच्या शाळेत कशाला आलात?"

बाई स्टाफरूममध्ये आल्या, अर्धा चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "बदलापूरचंही काही वाईट नाही हं."

*

आमच्या शाळेचे मालक शेठ सिंधी, मूळ धंदा जीन्स शिवायचा. सुजातानं त्यांनाच विचारलं.

"देख बेटा, कपडा एकच असतो. लेबल लागलं की रेट डबल."

"म्हणजे मुंबईचं करू?"

"बेचने का है तो लेबल. मी स्वतः बिनलेबलची घालतो."

"पण सर, मला पर्मनंट कशानं कराल?"

"वो बाद में देखेंगे," म्हणून शेठ फोनवर बोलायला लागले.

*

शेवटी पप्पाच सुट्टी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजं बघायला निघाले. मुंबईहून आले ते खुशीत.

"एक नंबर कॉलेज आहे. मला गेटच्या आतच सोडलं नाही!"

दुसऱ्या दिवशी बदलापूर. तिथे प्राचार्य स्वतः बाहेर आले, खुर्ची दिली, चहा पाजला, वर्ग दाखवले. पप्पा तोंड पाडून घरी आले. "नको बाळा. मला 'साहेब' म्हणाले. अशा कॉलेजची काय किंमत असणार?"

हे आम्हाला सांगताना सुजाता आधी खूप हसली आणि मग रडली. पाटकर बाईंनी उठून पंखा उगाच मोठा केला.

तिनं बदलापूरच घेतलं. पीएफ वाचला, पण पप्पांचं बोलणं "जेवलीस का" एवढ्यावर आलं.

*

बी.एड. झाल्यावर तिला अंबरनाथच्या एका मोठ्या शाळेत नोकरी लागली. मुलांना ब्लेझर, गेटवर युनिफॉर्मवाला वॉचमन. इंटरव्ह्यूला तिला वर्गावर शिकवायला लावलं, कॉलेजचं नाव कुणी विचारलंही नाही. पप्पांनी ऐकून नुसती मान डोलावली.

पहिल्याच आठवड्यात ती डबा घरी विसरली. पप्पा कंपनीत जाता जाता डबा घेऊन शाळेत गेले. वॉचमननं अडवलं. "आयकार्ड दाखवा."

"माझी मुलगी इथे टीचर आहे."

"असेल. डबा इथे ठेवा आणि निघा."

संध्याकाळी सुजाता मोरिवलीला घरी पोचली, तर पप्पा दारोदार पेढे वाटत होते.

"पप्पा, कसले पेढे?"

पप्पांनी तिच्या तोंडात पेढा भरवला. "मला आत सोडलं नाही, बाळा."