दोंडाईच्याला न जाणारी गाडी

दुचाकीच्या मीटरवर दोन्ही हातांचा आडोसा करायचा, त्यात तोंड खुपसायचं, आतला पिवळा दिवा पाहायचा आणि डोकं वर न काढताच अहिराणीत निकाल द्यायचा, "काहीच नही शे. हाऊ ऑक्सिजन सेन्सर शे." गाडी कोणाची, कोणत्या कंपनीची, किती जुनी, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसे. करोनाच्या साथीत ऑक्सिजन हा शब्द घराघरांत शिरला. या माणसाच्या डोक्यातून तो पुन्हा बाहेर पडलाच नाही.

तुमच्याही कॉलनीत असा एक असेल. आमच्या धुळ्याच्या कॉलनीत तो नेमका माझ्या शेजारी होता. वयाने मोठा, म्हणून तोंडावर मी त्याला भाऊ म्हणायचो. इथे मात्र अरेतुरेच करणार आहे. तेवढा हक्क त्याने माझ्या गाडीचे जे हाल केले त्यातून मी कमावला आहे.

मूळचा तो पारोळ्याकडचा. नोकरी झाली दीपनगरला, वीज केंद्रात. "शंभर दिवासमोर बठेल माणूस शे मी," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. ऐकणाऱ्याला वाटे, अख्ख्या महाराष्ट्राची वीज याच्या बोटावर चालत होती. पुढे त्याच्याच एका जुन्या सोबत्याकडून कळलं की हा स्टोअरमध्ये होता. दिवे बघत नव्हता, बल्ब मोजून देत होता.

नव्या गाड्यांमध्ये इंजिनाचं काही बिनसलं की मीटरवर हा पिवळा दिवा लागतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. शहाणी माणसं गाडी सर्व्हिस सेंटरला नेतात. आमच्या कॉलनीतून ती तिथवर पोचतच नसे, कारण फाटकातच हा आडवा यायचा. "त्या लॅपटॉपवाला पोऱ्यास्ले काय समजस? चावी दे." मग सीट काढायची, खालच्या प्लगमध्ये बायकोच्या केसातली पिन खुपसून दोन तारा जोडायच्या आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. त्या आकड्यावरून बिघाड कळतो म्हणे. पण आजूबाजूला जमलेल्या मंडळींपैकी प्रत्येकाचा आकडा वेगळा यायचा, त्यावर वादावादी व्हायची, आणि अखेर ठरायचं काय? ऑक्सिजन सेन्सर.

समोरच्या डॉक्टरांच्या गाडीतून त्याने काढलेले स्क्रू परत लावताना उरले. "कंपनीच जास्तीना देस," म्हणाला आणि खिशात टाकले. माझ्या गाडीची त्याने बॅटरीच सोडवून पुन्हा जोडली. दिवा गेला. दोन दिवस हा कॉलनीभर छाती काढून फिरला. तिसऱ्या दिवशी मी कामावर पारोळ्याला निघालो, तर मुकटीच्या पुढे दिवा हजर आणि गाडी आचके देत बंद. भर उन्हात मी ती ढकलत होतो आणि त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढत होतो.

एवढा मोठा जाणकार, पण त्याच्या स्वतःच्या गाडीचा दिवा काही जाईना. तीही नवी कोरी, मुद्दाम दोंडाईच्याला जायला घेतलेली.

दोंडाईच्याला त्याची मुलगी दिली आहे. दिली म्हणजे तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. तेव्हा यानेच चौकात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शपथ घेतली होती की त्या गावची वेस ओलांडणार नाही. वर्षं गेली. मुलीला मुलगी झाली. तेव्हा कुठे याने बायकोला, आमच्या अक्कांना, शब्द दिला की बारशाला गाडीवर जोडीने जाऊ. आणि लगेच दिवा लागला.

"दिवा लागेल गाडी गावबाहेर काढाले नही पायजे," हा त्याचा नवा नियम. मी म्हटलं, "भाऊ, दिवसभर एसट्या जातात तिकडे." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला बैलगाडीने जायला सांगत होतो. अक्कांना मी म्हटलं, तुम्ही तरी जा. त्या म्हणाल्या, "एकली कशी जाऊ, भाऊ? लोकं म्हणतीन, बाप नही उना." पोरीला सासरी मान खाली घालावी लागेल, ही त्यांची काळजी. आणि हा शहाणा सकाळ-संध्याकाळ सीट काढून बसलेला. मला त्या माणसाची अक्षरशः चीड यायची.

बारशाचा दिवस उजाडला. अक्का नवं लुगडं नेसून, लाडवांचा डबा आणि बाळाची झबली घेऊन अंगणात आल्या. याने मीटरवर वाकून पाहिलं आणि मान हलवली. "नही जमाव."

अक्कांनी पिशवी ओट्यावर ठेवली. पुढे होऊन सीट उचलली, आत हात घातला आणि सुटलेला एक प्लग दाबून बसवला. टक असा आवाज मला कंपाउंडच्या भिंतीपलीकडे ऐकू आला. चावी फिरवून त्यांनी बटण दाबलं. गाडी सुरू झाली, दिवा विझला.

"रोज सकायले तुम्हीच काढतस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "माले खिडकीमाईन बठ्ठं दिखस." बठ्ठं, म्हणजे सगळं.

तो माझ्याकडे पाहायला लागला, आणि मला कुठे पाहावं ते कळेना. इतके दिवस मी त्याला अडाणी समजत होतो. तो तर घाबरलेला होता. दारात मुलीने काही विचारलं तर काय सांगायचं, हे त्याच्याजवळ तयार नव्हतं.

"पेट्रोल नही शे," त्याने शेवटचा प्रयत्न केला.

"रस्तामा भरूत. चाला आते." अक्का मागे बसल्या आणि त्यांनी त्याचा सदरा पाठीवर मुठीत धरला. मुलगा गर्दीत हरवू नये म्हणून धरतात तसा.

ते दोघं बारशाला गेले ते तिकडचेच झाले. जावयाने मागची खोली रिकामी करून दिली. आमच्या शेजारच्या घराला आता कुलूप आहे, आणि कोणाच्या गाडीचा दिवा लागला तर माणूस मुकाट्याने सर्व्हिस सेंटरला जातो. मला त्याची आठवण येते. हे लिहिताना माझाच मला राग येतोय, पण येते.

त्या दिवशी पुढे काय झालं ते अक्कांनी फोनवर सांगितलं. जावई पुढे झाला, पाण्याचा तांब्या दिला. तो हातात धरून हा अंगणातच उभा. मुलगी बाळाला घेऊन दारात आली. मग यानेच सुरुवात केली.

"गाडी खराब व्हती."

"इतला बठ्ठा वरीस, आबा?"

"हा, पोरी," तो म्हणाला. "बठ्ठा वरीस."