अकरा गुरू आणि थोडं काकड

आमचे दादा म्हणजे माझे थोरले दीर, काळूराम. यंदा एकतीस मेला ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. जन्मतारीख एक जून. आमच्या गावात त्यांच्या वयाच्या निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जूनच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच सोयीची वाटायची. दादा खरे जन्मले भात कापणीच्या दिवसांत, पण त्यांच्या आईला दाखला कोण मागतो?

तेहतीस वर्षं मुरबाड-टोकावडे रस्त्यावर दादांनी दोन कामं केली. तिकिटं दिली आणि स्वयंपाक शिकले. पैकी दुसरं काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते त्यांनी जास्त मन लावून केलं.

सुरुवात झाली मुक्कामाच्या गाडीवर. संध्याकाळी गाडी शेवटच्या गावात थांबायची आणि ड्रायव्हर-कंडक्टरनं आपलं आपण शिजवून खायचं. नामा ड्रायव्हरनं त्यांना सुकट आणि कैरीचं कालवण शिकवलं. ते जमलं असं दादांना वाटलं. त्यानंतर गाडीत टोपली घेऊन चढणारी एकही बाई सुटली नाही. "कुठं उतरायचं? आज काय शिजवलंस? कसं?" तीन प्रश्न एका दमात. बायका बिचाऱ्या हसत सांगायच्या. एवढ्या आस्थेनं घरचं माणूसही कधी विचारत नाही.

घोटाळा एवढाच होता की बाईचा थांबा आला की धडा संपायचा. सरळगावला उतरणाऱ्या संजीवनीबाईंनी वालाचं बिरडं सांगायला घेतलं. वाल भिजवायचे, फडक्यात बांधायचे, मोड आणायचे, इथवर आलं आणि सरळगाव आलं. पुढे वाल सोलायचे असतात हे बाईंसोबत खाली उतरलं. दादांनी घंटी मारली आणि बिरडं शिकून झालं.

सुट्टीच्या दिवशी दादा घरी रांधायचे. पदार्थाला नुसतं नाव कधीच नाही. "हे खा, संजीवनीबाईंचं बिरडं." "हे नामाचं कालवण." कॉलेजच्या पासवाल्या पूजानं शिकवलेलं लाल भडक पनीरसुद्धा "आपल्या पूजाचं पनीर" म्हणून आलं होतं. अख्खी आळी बोटं चाटायची. दादा ओट्यावर पान जुळवत बसायचे आणि ज्यानं विचारलं नाही त्यालाही कृती सांगायचे. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं काय असतं ते बघायचं असेल, तर आमच्या ओट्यावर यावं.

आता मी त्यांची धाकटी भावजय, अनिता. माहेर शहापूरचं, गावात अंगणवाडी चालवते. आमची दोन्ही घरं एका भिंतीची आणि माझ्या मोरीच्या खिडकीतून त्यांची चूल सरळ दिसते. त्यामुळे वीस वर्षं मी जे पाहिलंय ते आळीनं पाहिलेलं नाही.

दादा फोडणी द्यायचे, झाकण ठेवायचे आणि कौतुक गोळा करायला ओट्यावर जायचे. ते उंबरा ओलांडत नाहीत तोच माझी थोरली जाऊ गिरजा, जिला मी आक्का म्हणते, मागच्या दारानं आत यायची. झाकण काढायची. चव घ्यायची. कधी मीठ, कधी गुळाचा खडा, कधी वाटण. दोन मिनिटांत झाकण परत जागेवर आणि आक्का परत गोठ्यात. बिरड्याच्या आदल्या दिवशी तर दादा पहाटे ड्युटीवर गेले की आम्ही दोघी शेरभर वाल सोलत बसायचो. दादांची समजूत अशी की मोड आला की वालाची साल आपोआप गळते. हे शास्त्र त्यांनी डेपोतही सांगितलं होतं.

मी आक्काला एकदा म्हणाले, "अगो, सांगत का नाय त्यांना?"

"कशाला? खूस हायेत ना. झाकली मूठ बरी," ती म्हणाली आणि वाल सोलत राहिली.

ती तशी बोलकी बाई नाही. पण माणूस गप्प आहे म्हणजे त्याला काही नको असतं, असं नाही. ताटं वाढताना दादा गुरूंची नावं घ्यायचे, तेव्हा ती हातातला डाव धरून क्षणभर थांबायची. मी बघितलंय.

तर निवृत्ती झाली आणि दादांनी ठरवलं की जूनच्या पहिल्या रविवारी सगळ्या गुरूंना जेवायला बोलवायचं. ज्याचा पदार्थ त्याला वाढायचा आणि जेवणं झाल्यावर उभं राहून सगळ्यांची नावं घ्यायची. शुक्रवारी ते वही घेऊन माझ्याकडे आले, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

"लिव. एक, नामा ड्रायव्हर, सुकट. दोन, संजीवनीबाई, बिरडं. तीन, टोकावड्याची धोंडीबाई, शेवळं."

अकरा नावं झाली. मी पेन तसंच धरून बसले.

"अजून?" मी विचारलं.

"झाले सगळे."

"आक्काचं नाव राहिलं, दादा."

दादा हसले. "तिनं काय शिकवलं मला? ती तं घरातलीच हाय."

पिकतं तिथं विकत नाही, हे ऐकून होते. पण तोंडावर असं ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. मी वहीचं पान फाडलं. कागद मात्र दादांच्या हातात न देता त्यांच्या चुलीजवळच्या फळीवर नेऊन ठेवला. आक्का चौथी शिकलेली आहे. तिनं तो बोट फिरवत वरून खालपर्यंत वाचला. मागची बाजूही बघितली. मग घडी घालून होता तिथं ठेवला आणि टेकडीकडे निघून गेली. येताना तिच्या ओच्यात काकडं होती.

काकड म्हणजे रानातलं छोटं, हिरवं, आंबट फळ. शेवळं ही आमच्याकडची जूनच्या तोंडावर उगवणारी रानभाजी. चवीला अशी की मटण बाजूला ठेवावं, पण अंगची खाजरी. काकडाचा रस घातला तरच तिची खाज मरते. नाहीतर घशात कुणी कुसळं भरल्यासारखं होतं. हे इथल्या शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. पोरांना नसतं, कारण पोरं चुलीकडे फिरकत नाहीत, ताटाकडे येतात. धोंडीबाई धडा देताना काकडापर्यंत पोचली होती की त्याआधीच टोकावडं आलं, देव जाणे. आक्का गुपचूप रस पिळून चोथा फेकायची, पुरावा म्हणून भाजीत काही उरायचं नाही. दादा बारा वर्षं सांगत आले की शेवळं मुळातच जरा आंबट असतात.

रविवारी सकाळी दादांनी आक्काला नवं लुगडं दिलं. मोरपिशी, काठ लाल. आणि सगळ्यांसमोर हुकूम सोडला, "आज तू चुलीकडं फिरकायचं नाय. आज तू पाव्हनी. आज सगला सैपाक माझा."

आळीतल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंस गो गिरजे. आक्का लुगडं नेसून पडवीत भिंतीला टेकून बसली.

मी घरात डोकावले. बिरड्याचे वाल साली अंगावर घेऊनच पातेल्यात चालले होते. शेवळं चिरून फोडणीला पडली होती. काकडं तशीच सुपात होती, एकालाही हात लागलेला नाही. दादा घामाघूम, खांद्यावर पंचा, चेहरा नवरदेवाचा. मी पळत पडवीत आले.

"आक्का," मी कानाशी लागले, "काकड?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "कुठल्या यादीत हाय काकड?"

 दादांना जाऊन सांगणं मला अवघड नव्हतं, दहा पावलांवर तर होते. मी गेले नाही. खोटं कशाला बोलू, मला जायचं नव्हतंच. वीस वर्षं त्या खिडकीत उभं राहून माझाही घसा खाजत होता.

एवढं मात्र आक्का म्हणाली, "पोरांना नुस्ता वरणभात वाढ. शेवळं द्यायची नाय."

पंगत बसली. अकरापैकी नऊ गुरू आले होते. दादांनी स्वतः वाढलं, प्रत्येकापाशी थांबून, "तुमचं हाय बरं हे, ओळखा," असं म्हणत. संजीवनीबाईंनी बिरड्याचा पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावला. मग दोन बोटांनी तोंडातून साल काढून ताटाच्या कडेला ठेवली. मग दुसरी. तिसरीनंतर त्या म्हणाल्या, "कंडक्टर, वाल कोनी सोलला नाय काय?"

"यंदाचा वाल निबर हाय," दादा म्हणाले. "साल गळली नाय."

"गळली नाय?" बाईंनी शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण पदरात हसली.

तेवढ्यात नामानं शेवळांचा भला मोठा घास घेतला. नामा उभ्या आयुष्यात कधी छोटा घास घेत नाही. आधी त्यानं खाकरून बघितलं. मग पाणी प्याला. पाण्यानं खाज आणखी चेतते, ते त्याला नंतर कळलं. मग पंगतीत या टोकाकडून त्या टोकाकडे खाकरणं सुरू झालं. घाटात गाडी बंद पडली की सगळे एकदम हॉर्न मारतात, तसं. दादांनीही चुलीपाशी दोन डाव चाखून बघितले होते. त्यांचा आवाज आतल्या आत बसत चालला होता.

धोंडीबाईनं भाजी जिभेच्या टोकाला लावली आणि ताट पुढे सरकवलं. सत्तरीची म्हातारी, आवाज मात्र डोंगरावरून हाक मारायचा.

"काकड कुठं हाय रे?"

"कसलं काकड?" दादांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

 खाकरणारेसुद्धा थांबले.

"बारा वर्सं माझी शेवळं रांधतोस," धोंडीबाई म्हणाली, "दर साली गाडीत सांगतोस, लय ब्येस झाली व्हती. आनि काकड ठाव नाय? मंग तुझ्या घरात काकड घालीत कोन व्हतं?"

कोणी कोणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांच्या माना पडवीकडे वळल्या. आक्का लाल काठाचं लुगडं सारखं करत बसली होती.

दादा तिच्याकडे बघत राहिले. मग वाटीतल्या बिरड्याकडे बघितलं, मग ताटाच्या कडेला ठेवलेल्या सालींकडे. एकेक हिशोब लागत असताना माणसाचं तोंड कसं होतं ते मी पहिल्यांदा पाहिलं, आणि इतकी वर्षं दात-ओठ खाऊन बसलेल्या मला त्यांची दया आली.

"तूच ग?" ते म्हणाले.

"तुमी सांगितलंत चुलीकडं फिरकू नको," आक्का म्हणाली. "मी फिरकले नाय."

मग ती उठली. फळीवरची चिंचेची बरणी आणि गुळाची ढेप घेऊन पंगतीत आली आणि प्रत्येकाच्या हातावर चिंचगूळ ठेवत गेली, नामाच्या हातावर दोनदा. "चघळा. पानी पिऊ नका." सुपातली काकडं उचलून ती आत गेली. तोवर पंगतीनं पोरांच्या वरणभातावर भागवलं आणि अर्ध्या तासानं तीच शेवळं काकडाचा रस घालून पुन्हा वाढली गेली. धोंडीबाईनं दोनदा मागून घेतली.

जेवणं झाली. दादांनी खिशातून कागद काढला, उभे राहिले, तोंड उघडलं. आवाज निघेना. कागद माझ्याकडे आला. मी अकराही नावं वाचली. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या, तरी लोक उठेनात. दादांनी मला खूण केली आणि कसंबसं म्हणाले, "बारावं लिव. गिरजा."

मी लिहिलं. आधीच्या अकरा नावांपुढे पदार्थ होते. "पुढे काय लिहू?"

दादा आक्काकडे वळले. "अजून कशाकशात घालीत व्हतीस?"

"ऱ्हाऊ द्या," आक्का म्हणाली. "सांगाय बसले तं तुमचा स्टॉप येईल."

सगळी पंगत हसली. दादा हसले नाहीत. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले, मांडी घालून, अंगणवाडीत माझी पोरं बसतात तसे.

"आता कुठं उतरायचं हाय मला?" ते म्हणाले. "सांग."

 आक्कानं डोळ्यांना पदर लावला, आणि तो चुलीच्या धुरानं नव्हता, कारण चूल केव्हाच विझली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिही गो. काकड."

तो कागद त्यांच्या फळीवर अजून आहे. त्यात बारावं नाव गिरजा आणि पुढे तेवढाच एक शब्द आहे. माझ्या मोरीच्या खिडकीतून हल्ली सकाळी दादा दिसतात, पाटावर बसलेले, समोर परात, मान खाली. वाल सोलतात. हात फार सावकाश चालतो, पण मध्येच उठून ओट्यावर जात नाहीत.