आठशे मीटरवरचं धुराडं

आत्या कुठल्या गल्लीत राहायच्या हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सहा वर्षं दोघांनी एकाच खोलीत, एकाच गच्चीवर काम केलं. पण त्यांच्या घरी कोण कोण आहे, रोज पहाटे चारला उठून त्यांना कंटाळा कसा येत नाही, हे विचारायचं त्याच्याकडून राहून गेलं. उद्या विचारू, परवा विचारू, असं करता करता सहा वर्षं गेली. त्यामुळे आत्यांबद्दल त्याला खात्रीने सांगता येईल अशी एकच सकाळ आहे. बाकी सगळं ऐकीव.

त्या विमानतळावरच्या हवामान कार्यालयात निरीक्षक होत्या. आत्या हे नाव भाच्यामुळे पडलं. तो तिथेच अग्निशमन दलात बंब चालवायचा आणि गच्चीखालून जाताना ओरडायचा, "आत्या, आज डब्यात काय?" पुढे फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून टॉवरमधल्या साहेबांपर्यंत सगळेच त्यांना आत्या म्हणू लागले. खुद्द भाच्याची तक्रार होती, "माझी एकट्याची होती, सरकारजमा झाली."

आत्यांच्या हाताखाली तो नोंदणी विभागातून बदली होऊन आला तेव्हा पस्तिशीचा होता आणि डोळ्यांना जाड भिंगं होती. आत्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लांबचं बघायच्या कामाला चष्मेवाले पाठवलेत. छान." तेव्हापासून तो चष्मेवाले.

काम दिसायला सोपं. गच्चीवर जायचं आणि किती लांबचं दिसतंय ते पाहायचं. भिंतीवर खुणांचा तक्ता होता : कुंपणाचा दिवा दोनशे मीटर, पाण्याची टाकी पाचशे, गिरणीचं धुराडं आठशे, टेकडीवरचा मनोरा दोन हजार. हजार मीटरच्या आतलं दिसेनासं झालं की त्याला धुकं म्हणायचं; त्याच्या वर असेल तर नुसतं धूसर. आत्या सांगायच्या, "धुकं म्हणजे जमिनीवर बसलेला ढग. आकाश मोकळं, वारा जेमतेम, माती ओली. रात्रभर जमीन आपली ऊब वर सोडून देते आणि स्वतः गार पडते. तिच्या अंगाशी असलेली हवाही गारठते, मग हवेतली वाफ धुळीच्या कणांना धरून पाणी होते. या अख्ख्या खोलीत धुकं भरलं ना चष्मेवाले, तर त्यातलं पाणी दोन चमचेसुद्धा भरायचं नाही. आणि तेवढ्यासाठी विमानं अडतात."

त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली ती सकाळ. तो आदल्या दिवशी रजेवर होता. पहिलं विमान साडेसातचं, आणि त्यात त्याची आई होती. एकाहत्तर वर्षांची, पहिल्यांदाच विमानात बसलेली, तीही एकटी. थोरल्या बहिणीने तिच्या गळ्यात त्याच्या फोन नंबरचं कार्ड अडकवून दिलं होतं. साखरेच्या आजाराच्या गोळ्या मात्र मोठ्या बॅगेत गेल्या होत्या, आणि बॅग विमानाच्या पोटात. बहिणीने हे फोनवर सांगितलं तेव्हा विमान उडालेलं होतं.

हे त्याने आत्यांना सांगितलं नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. घरचं सांगायची सवय नव्हती, इतकंच.

सात वाजता मनोरा धुक्यात गेला. सात वाजून दहा मिनिटांनी सूर्य वर आला. त्याला वाटलं, आता विरेल. उलट ते दाटलं. उजेडच दुधाळ झाला आणि गच्चीचे कठडे ओले झाले. विमान वर घिरट्या घालत होतं. उतरायला किमान आठशे मीटर लागत होते.

टॉवरमधला अधिकारी फोनवर होता. "आत्या, धावपट्टीवरचं यंत्र अकराशे सांगतंय. तुम्ही काय सांगता?"

"यंत्र दोन खांबांमधली हवा मोजतं हो. त्याच्या पुढ्यात मोकळं असेल. मला सगळीकडचं सांगायचंय."

"मग सांगा ना. इंधन वीस मिनिटांचं जादा आहे, नंतर त्याला दुसऱ्या शहरात जावं लागेल."

"दोन मिनिटं द्या."

त्याने मनात हिशेब केला. दुसरं शहर म्हणजे बसने सात तास. आईला कोण विचारणार? भूक लागली तरी ती कोणाकडे मागायची नाही, मुकाट बसून राहील आणि तशीच कलंडेल.

आत्या धुराड्याच्या दिशेने बघत होत्या. मग त्यांनी पाठ फिरवली, डोळे मिटले, दहा आकडे मोजले आणि पुन्हा वळून पाहिलं. ही त्यांची नेहमीची पद्धत. एरवी एकदा करायच्या. त्या दिवशी तीनदा केलं.

"चष्मेवाले, इकडे या. धुराडं दिसतंय का?"

त्याने चष्मा पुसला. कठड्याला टेकून पाहिलं. टाकी अंधूक होती. तिच्या उजवीकडे, जिथे असायला हवं तिथे, एक उभी काळसर रेघ होती. त्याला ती दिसली. आजही तो शपथेवर सांगेल, दिसली.

"दिसतंय."

"नक्की?"

"हो आत्या. स्पष्ट."

"वरचे पट्टे?"

"दोन लाल. मध्ये एक पांढरा."

कठड्यावर ठेवलेल्या फोनमधून तोच अधिकारी कोणाशी तरी बोलताना ऐकू येत होता. आत्या हळू आवाजात म्हणाल्या, "काल तुम्ही नव्हता. धुराड्याचं रंगकाम काढलंय. परांची बांधून वरपासून खालपर्यंत हिरवं कापड गुंडाळलंय त्याला."

तो कठड्यापासून मागे सरकला.

"लाजू नका. पट्टे मलाही दिसले. काल माझ्यासमोर कापड चढलं, तरी दिसले. तीस वर्षं बघतेय ना, आता ते डोळ्यांना पाठ झालंय. आपल्याला ते दिसत नाहीये, आठवतंय."

"पण आत्या, असेलही आठशे. यंत्र तर..."

"असेल. पण मी पाहिलेलं नाही." त्यांनी फोन उचलला. "टाकी दिसतेय. धुराडं नाही. पाचशे."

"आत्या, नीट बघा. माणसं आहेत वर," फोनवरून अधिकारी म्हणाला.

"म्हणूनच पाचशे."

तेव्हा तो बोलला. "आई आहे माझी त्यात. गोळ्या नाहीत तिच्याजवळ."

आत्यांनी फोन कानाशीच धरून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या जवळून त्यांनी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मग फोनमध्ये म्हणाल्या, "पाचशे लिहा. आणि तिकडच्या विमानतळाला कळवा, साखरेच्या आजाराची एक वयस्क बाई आहे, गळ्यात..." त्याच्याकडे वळून, "ओळखायचं कसं?"

"गळ्यात कार्ड आहे."

"गळ्यात कार्ड आहे. उतरल्या उतरल्या खायला द्या आणि गोळ्या बॅगेतून काढून द्या."

विमानाचा आवाज डोक्यावरून गेला आणि दूर होत नाहीसा झाला. सत्तावीस मिनिटांनी धुकं उचललं गेलं, मनोरासुद्धा लख्ख दिसू लागला. दुपारी प्रमुखांनी आत्यांना बोलावून घेतलं. यंत्र अकराशे सांगत असताना पाचशे का लिहायला लावले, असं विचारून लेखी खुलासा मागितला. आत्यांनी दोन ओळी लिहून दिल्या : धुराडं दिसलं नाही. दिसल्यासारखं वाटलं होतं.

सकाळी खरोखर आठशे होते की पाचशे, हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही.

आई रात्री नऊला बसने आली. तिकडे एका मुलीने तिला खुर्चीवर बसवून खाऊ घातलं होतं आणि गोळी हातात ठेवली होती. आई मुलाला म्हणाली, "तुझ्या ओळखीचं कोण होतं रे तिथे? माझं नाव न विचारता कार्डच बघितलं." हे तो आत्यांना सांगणार होता. पण आठवडाभर त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. कशाचा राग होता आणि कशाची लाज, ते त्याला वेगळं करता आलं नाही. अखेर एका सकाळी वहीत नोंद करता करता म्हणाला, "आई सुखरूप आली त्या दिवशी." आत्या म्हणाल्या, "कळलं मला. मी तिकडे फोन केला होता." बस्स.

चार वर्षांनी एक संशोधक बाई आल्या. सूर्योदयानंतर धुकं विरतं कधी, हे आधी सांगता येईल का, यावर त्यांचं काम चाललं होतं. त्यांनी जुन्या वह्या मागितल्या आणि तीन दिवस त्यातच डोकं घालून बसल्या. आत्यांच्या नोंदींच्या कडेला कुठे कुठे बारीकसा 'ख' होता.

"हे काय?" त्यांनी त्याला विचारलं.

"खात्री नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. त्याचा अर्थच तो. खात्री नाही."

बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. इतर ठिकाणच्या वह्यांत आकडे छातीठोक असतात, कोणाला कधी शंका आलेली दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. इथले 'ख' मात्र बहुतेक सूर्योदयानंतरच्या पाऊण तासातले होते. कोवळ्या उन्हाने जमिनीलगतची हवा ढवळली जाते आणि विरण्याआधी धुकं कधी कधी आणखी दाटतं, कुठे फाटतं, कुठे साचतं. नेमक्या त्याच वेळेला आत्यांचा डोळा अडखळला होता. "यंत्राला अडखळता येत नाही हो," बाई म्हणाल्या. हे त्याने आत्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी नजर कमी झाली होती असं तर नाही ना म्हणाल्या?"

त्याच वर्षी आत्या निवृत्त झाल्या. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या, हे भाच्याने बंब थांबवून सांगितलं. त्याच्या तीन आठवडे आधी त्यांचा फोन आला होता. आत्यांनी त्याला फोन करण्याची ती पहिलीच वेळ.

"चष्मेवाले, आई कशा आहेत?"

"बरी आहे. विमानाचं नाव काढलं की अजून चिडते."

"चिडू देत. गोळ्या कुठे ठेवतात आता?"

"पर्समध्ये."

"बरं. दूध वर आलंय, ठेवते."

"हो, ठेवा."