हाडं टांगलेली बाग

बीडहून लिंबागणेशकडे जाणाऱ्या एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुणाकडं?"

"पॉपॉची बाग बघायला."

"पपई व्हय? आवंदा पपईला पानी कुठाय?"

पपई नव्हे, सीताफळाची अमेरिकेतली चुलत बहीण, असं मी सांगितलं. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. बालाघाटाचे डोंगर चैत्रातच करपले होते. रस्त्याकडेची सीताफळं पानं झाडून काटक्यांसारखी उभी होती. एका वस्तीवर टँकर यायच्या आधीच घागरींची रांग लागली होती. माणसं सावलीला, घागरी उन्हात.

माझी सांगलीजवळ रोपवाटिका आहे. लेकीकडे अमेरिकेत गेले होते तेव्हा तिथल्या रानातलं हे फळ खाल्लं. गर केळ्यासारखा, वास सीताफळाच्या जवळचा. आल्यावर आमच्या बागायतदारांना सांगितलं, तर ते रोपं मागू लागले. बीडकडच्या एका सीताफळ सहकारी संस्थेनं हे झाड खरोखर लावलंय असं कळलं, म्हणून मी आधी बघायला निघाले.

लिंबागणेशच्या स्टँडवर रहीमभाई टेम्पो घेऊन आले होते. त्यांचं बीडला फळांचं दुकान. संस्थेची सीताफळं तेच नेतात. टेम्पोत बसले आणि कुजका भपकारा आला. मागे एका पोत्यावर माश्या घोंगावत होत्या.

"यात काय आहे?"

"कुशावर्ताबाईचं सामान हाय ताई. बाग बघा, मंग इचारा."

बाग ओढ्याच्या घळीत, जुन्या आंब्यांच्या सावलीला होती. मी उतार उतरले आणि जागीच थिजले. झाडाझाडाला सुतळीनं हाडं बांधली होती. कोंबड्यांच्या माना, माशांची डोकी, आणि त्यांवर माश्यांचा काळा थर. माझ्या मनात एकच शब्द आला: भानामती (करणी). तोंडाला पदर लावून मी मागे वळले.

"पळू नगा ताई, या," खालून हाक आली. संस्थेची ही बाग सांभाळणाऱ्या साठीच्या कुशावर्ताबाई समोर उभ्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात माशाचं मुंडकं! माळकरी बाईच्या हातात असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यांनी एक फांदी वाकवून फूल दाखवलं. खाली मान घातलेलं, वाळलेल्या रक्ताच्या रंगाचं. "ह्याला मधमाशी हुंगत बी न्हाई. फळ धराया घाणीवरची माशी लागते. रहीमभाई खाटकाकडचं, मासळीवाल्याकडचं उरलंसुरलं आनतेत, म्या बांधते. गाव म्हनतंय, बाई बाटली."

"आणि माळ?"

"देवानंच फूल असं केलंय. म्या काय करू?"

वीसेक झाडं होती, सगळी त्यांनी बियांपासून वाढवलेली. आंब्यांच्या सावलीनं ती उन्हाळे काढत आली होती. फुलायला या झाडाला कडक थंडी लागते; यंदा ती पडली आणि पहिल्यांदाच फुलं आली. दोनचार ठिकाणी करंगळीच्या पेराएवढी फळंही धरली होती. जेवायला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्यांची आमटी) आणि भाकरी होती. हात धुताना कुशावर्ताबाईंनी खाली परात धरली. ते पाणी शेळीपुढे गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या गोदामासमोर सभासद जमले. बागेला पाणी देणारं संस्थेचं शेततळं तळाला गेलं होतं आणि टँकरचा भरवसा नव्हता. कुशावर्ताबाईंच्या शेजारीण सुलोचनाबाई उभ्या राहून ओरडल्या, "माझी म्हैस वाळून चाललीय आन् झाडाला पानी? कावून? ह्याचा पाला शेळीसुदीक खाईना!"

चेअरमन तात्यांनी मला बोलायला सांगितलं. असं फळ दुसरीकडे कुणाकडे नाही, शहरात ते हातोहात जाईल, असं मी सांगत राहिले. कुणी मान हलवली नाही. शेवटी तात्या म्हणाले, "चार झाडं जगवा. बाकीचं पानी जनावरांला."

कुशावर्ताबाई भांडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आजपासनंच?" तात्यांनी मान हलवली, तशा त्या घरी गेल्या आणि कुऱ्हाड घेऊन आल्या.

मी त्यांच्यामागे धावले. "अहो, पाणी बंद करा, पण तोडता कशाला? पाऊस आला तर जगतील!"

"खाली मुळात मुळं गुतलीत. ही हुबी ऱ्हायली तर त्या चौघांच्या तोंडचं पानी वढतील."

चार झाडं त्यांनी वेगवेगळ्या फळांच्या बियांपासूनची निवडली. "एका घरात लगीन लागत न्हाई ह्यांच्यात, फळ धरत न्हाई," म्हणाल्या आणि पहिला घाव घातला. मी कान झाकून घेतले. फुलांनी लगडलेल्या फांद्या खाली येत होत्या, सुतळीची हाडंही त्यांच्यासोबत. दर झाडाला आधी हात लावून त्या तो कपाळाला लावत आणि मग कुऱ्हाड उचलत. घळीच्या काठावर सुलोचनाबाई येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं त्या खाली उतरल्या आणि फांद्या ओढू लागल्या.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले. बाहेर तीच निष्पर्ण सीताफळं. हीही कधीकाळी समुद्रापलीकडून, त्याच अमेरिकेकडून आली. आज त्यांना परकं कोण म्हणतं? पण ती इथली होईपर्यंत कुणी काय काय तोडलं असेल, हे मला आधी कधी सुचलंच नव्हतं.

सांगलीत बागायतदारांनी विचारलं, "मग, लावायचं का?" मी सावली सांगितली, थंडी सांगितली, माश्याही सांगितल्या, त्यावर सगळे हसले. मग कुऱ्हाडीचं सांगितलं. पुन्हा कुणी रोपं मागितली नाहीत.

भाद्रपदात कुशावर्ताबाईंचा फोन आला. पाऊस झाला होता, चारही झाडं हिरवी होती. एक फळ शेवटपर्यंत टिकलं आणि पिकलं.

मी जवळजवळ ओरडलेच, "चव कशी होती?"

"ते सुलोचनीला इचारा," त्या म्हणाल्या. "संस्थेच्या बैठकीत कापलं. समद्यांला चमचा चमचा दिलं. माझ्यापतुर पुरलंच न्हाई."