शनिवारचा निवाडा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी धुळ्याचे वकील सीतारामनाना यांचं नाव घेतो. महिन्यापूर्वी ते गेले. जळगावच्या कोर्टात माझी उलटतपासणी चालू असताना कारकुनाने चिठ्ठी पुढे सरकवली. साक्षीदार संपवला आणि मग धुळ्याची एसटी धरली... त्यांना दुसरं काही चाललं नसतं.

अमळनेरच्या कॉलेजातून पदवी आणि पुढे वकिलीची सनद घेऊन मी त्यांच्याकडे उमेदवारीला आलो, तेव्हा आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. एकदा सनद मिळाली की वकिलाला पुन्हा परीक्षा नसते. नानांच्या ऑफिसात मात्र ती दर शनिवारी असायची. निवाड्यांचा नवा अंक टपालाने आला की आम्हा ज्युनियरांपैकी एकाने एक निवाडा वाचायचा आणि बाकीच्यांना पक्षकारांच्या बोलीत, अहिराणीत सांगायचा. बाररूममध्ये याला ‘नानांची बालवाडी’ म्हणत. पहिल्याच शनिवारी मी इंग्रजी परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवला. नाना म्हणाले, “तुले पाठ शे भाऊ, समजेल नही. आते मी पक्षकार शे, माले सांग.” मला दोन वाक्यंही जमली नाहीत. कायदा खरा कळायला लागला तो त्या दिवसापासून.

त्या काळात भिका नावाच्या नरडाण्याकडच्या एका तरुणावर मारहाणीचा खटला होता. जप्तीच्या पंचनाम्यात एक उणीव होती आणि एका जुन्या निवाड्याप्रमाणे तेवढ्यावर तो सुटत होता. नानांनी त्याच आधारावर युक्तिवाद केला. न्यायाधीशांनाही तो पटलेला दिसत होता. निकाल सोमवारी होता. शनिवारी नवा अंक आला, पाळी माझी होती. मी सांगू लागलो आणि मध्येच थांबून तो परिच्छेद पुन्हा वाचला. वरच्या कोर्टाने तो जुना निवाडाच रद्द केला होता. आमच्यातला एक जण म्हणाला, “नाना, सरकारी वकिलाकडे हा अंक येतच नाही.”

नाना म्हणाले, “मन्हाकडे ते येस ना!”

सोमवारी त्यांनी स्वतः उभं राहून तो अंक न्यायाधीशांपुढे ठेवला. उरलेल्या मुद्द्यांवर पुन्हा जीव तोडून बोलले, पण भिकाला तीन वर्षांची शिक्षा झाली. बाहेर त्याच्या थोरल्या भावाने त्यांना अडवलं. “नाना, तुम्ही आमना वकील शेतस का सरकारना?”

“तुमनाच शे. पन पडेल भितले टेकीसन कोन बठस?”

“आमी बठतूत ना!” पडलेल्या भिंतीलाही टेकून आम्ही बसलो असतो, असं म्हणत तो निघून गेला. पुढे अपिलात शिक्षा थोडी कमी झाली, सुटका झाली नाही. निकालानंतरच्या रविवारी नाना एकटेच भिकाच्या बायकोला भेटायला गेले होते. परत आल्यावर त्याविषयी काही बोलले नाहीत आणि आमची विचारायची हिंमत झाली नाही.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी त्यांना पाठवलेलं आणि उत्तराविनाच राहिलेलं पत्र असं होतं:

“ती. नानांस साष्टांग नमस्कार. तब्येतीला आता आराम असेल. माझ्याकडेही दोन ज्युनियर आहेत आणि शनिवार चालू आहे. परवा त्यांना भिकाची केस सांगितली. त्यातली एक मुलगी धीट आहे. म्हणाली, ‘सर, नाना गप्प बसले असते तर तो माणूस सोमवारी घरी जेवला असता.’ मी तिला वकिलाचं कोर्टाशी असलेलं कर्तव्य समजावलं. ती म्हणाली, ‘हे झालं पुस्तकातलं. आता मी भिकाची बायको आहे. मला अहिराणीत सांगा.’ मला सांगता आलं नाही, नाना. तुम्ही त्या बाईंपुढे बसून आला आहात. काय सांगितलंत? उत्तर लिहायचा त्रास घेऊ नका, हात दुखतो तुमचा. मंगळवारी धुळ्याला तारीख आहे, तेव्हा येतो.”